ड्रॉइंगच्या मागं उभी असलेली गाडी

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार

प्रिय वर्षाराणी,

एकाच घरात राहणाऱ्या सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं याचं तुला हसू येईल. तू आत्ता गोकुळ शिरगावला ड्रॉइंग द्यायला गेली आहेस, धैर्यशील पहिल्या पाळीला गेलाय, आणि मी तुझ्याच टेबलावर तुझाच कागद घेऊन बसलोय. रविवारपासून हे पत्र चाललंय. तू बाहेर पडलीस की काढायचं, जिन्यात तुझी चप्पल वाजली की वर्तमानपत्राखाली घालायचं. तोंडानं सांगितलं असतं, पण माझी जीभ अजून जड आहे हे तुला ठाऊकच आहे. मोठं वाक्य घेतलं की ते अर्ध्यात घसरतं, मग धैर्या, पोटचा पोरगा असून, घाईनं ते पुरं करून टाकतो, आणि बहुतेक वेळा मला जे म्हणायचं नव्हतं तेच त्यात येतं. तू एकटीच तेवढी थांबतेस. पण तू थांबतेस तेव्हा तुझे डोळे भरायला लागतात आणि मग मीच विषय बदलतो. म्हणून कागद घेतला. लिहायचा हात शाबूत आहे आणि कागदाला कसली घाई नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी डावी बाजू गेली तेव्हा घरात आपण दोघंच होतो. मी दाढी करत होतो. आरशात तोंड एका बाजूनं उतरल्यासारखं दिसलं. मला वाटलं आरशावर पाणी उडालंय, म्हणून मी आरसा पुसला. मग हातातला मग खाली पडला. तुला मारली ती हाक नव्हतीच, नुसता आवाज होता. तरी तू धावत आलीस, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाट बघितली नाहीस, मला जवळजवळ उचलून जिना उतरवलास आणि रस्त्यात आडवी उभी राहून रिक्षा थांबवलीस. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून बरं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. तेव्हा जीभ नव्हती, आणि नंतर, खरं सांगायचं तर, मी चिडलेलो होतो. तू मला वाचवलंस याच्यावरच चिडलेलो होतो.

एकतीस वर्षं मी एसटी चालवली. गगनबावड्याचा घाट, राधानगरी, फोंडा, रत्नागिरी. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, उजवा हात वाचला, नशीब म्हणायचं. त्यांना कोण सांगणार? ड्रायव्हरचा डावा हात म्हणजे गिअरचा हात. सगळे घाट मी त्या हातानं चढलो होतो. तो आता मांडीवर दुसऱ्याच्या हातासारखा पडून असायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो मी कॉटखाली भिरकावला. तू तो काढलास, धुतलास आणि पुन्हा उशाशी ठेवलास. सात वेळा ठेवलास. तुझी सासू असती तर तिसऱ्या वेळेला तो माझ्या डोक्यात घातला असता. पण ती तू या घरात यायच्या आधीच गेली, त्यामुळं माझ्यावर ओरडणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तू ओरडली नाहीस.

त्याच दिवसांत तू शिरोलीतल्या ऑफिसची नोकरी सोडलीस. फौंड्रीत साच्यासाठी लागणाऱ्या पॅटर्नची ड्रॉइंग तू करायचीस आणि तिथं तुझ्या कामाला मान होता, हे मला धैर्याकडून कळायचं. घरी तू सांगितलंस, “ऑफिसात बसायची आता पद्धतच न्हाय आण्णा, घरातनंच काम करत्यात सगळी.” एक जुना पण दणकट कॉम्प्युटर आणून तू हॉलमधल्या टेबलावर मांडलास. मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

खिडकीतून मला चौकातली सिटी बस दिसायची. ती वळणावर आली की माझ्या नकळत माझी डावी बोटं थोडी हलायची. ते डॉक्टरांनी बघितलं नाही, धैर्यानं बघितलं नाही, तू बघितलंस. चार दिवसांनी तू एका खोक्यातून एक स्टिअरिंग आणि एक गिअरचा दांडा बाहेर काढलास, टेबलाला स्क्रूनं आवळलास, गिअर मुद्दाम डाव्या बाजूला. कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम लावलास. मला राग आला. “खेळणं?” एवढंच मी कसंबसं म्हणालो. तू म्हणालीस, “खेळणं न्हाय, ड्यूटी हाय. साडेनऊची गाडी हाय, बसा.” आणि आत भाकरी थापायला निघून गेलीस. तू तिथं उभी राहिली असतीस तर मी बसलो नसतो.

गेममधला मुलूख परका होता, पण गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं जायच्या आणि घाट घाटासारखाच होता. पहिल्या दिवशी दुसरा गिअर टाकायला मला डावा हात उजव्या हातानं उचलून न्यावा लागला. तेवढ्यात गाडी बंद पडली. मागचे प्रवासी कुरकुरले. मी त्यांना एक सणसणीत शिवी दिली, आणि आतून तुझा आवाज आला, “आण्णा, शिवी क्लिअर आली की!” कित्येक महिन्यांत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला स्वच्छ शब्द होता. त्यानंतर तू नवीनच नियम काढलास. प्रत्येक थांब्याला थांब्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. तिथली नावं मला उच्चारता येईनात, म्हणून मी माझीच घ्यायला लागलो: बालिंगा, कळे, साळवण, गगनबावडा. नाव नीट आलं नाही की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, “कुठला थांबा? ऐकूच आलं न्हाय, उतरू कशी?” मग मी परत म्हणायचो. साळवणला मी तुला चार-चार वेळा उतरवलंय.

अडचण एकच होती. त्या गेमची एक फेरी अडीच तासांची. मध्येच गेम बंद केला तर फेरी रद्द, पुन्हा पहिल्या थांब्यापासून सुरुवात. आणि माझा हात वीस मिनिटांत गळायचा. म्हणजे एक फेरी पुरी करायला मला अख्खा दिवस लागायचा, कधी दोन. नोकरीत मी फेरी अर्ध्यावर सोडली नव्हती, तेव्हा इथं सोडायला मन घेईना. म्हणून तुला कामाला बसायचं असलं की मी हँडब्रेक ओढून उठायचो, आणि तू गेम तसाच ठेवून त्याच्यावर ड्रॉइंगची खिडकी उघडायचीस. पुढं तुझं पंपाच्या कवचाचं ड्रॉइंग, मागं माझी गाडी. मला वाटायचं, गाडी तर उभी आहे, तिचा कुणाला काय त्रास?

त्रास होता. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावायचा. तू काढलेली रेघ माउसच्या मागून रमतगमत यायची. तू माउस उचलून पुसायचीस, मला दाखवायला, म्हणजे दोष माउसचा आहे असं मला वाटावं. एकदा वर्कशॉपवाल्या सम्राटरावांशी तुझं फोनवर बोलणं चाललं होतं आणि मागच्या गाडीतल्या कुणा प्रवाशानं घंटी दिली, पाठोपाठ हॉर्न वाजला. ते म्हणाले, “वहिनी, स्टँडवर बसलाय काय?” तू म्हणालीस, “व्हय, गाडी लागलीया आमची,” आणि पुढं मापं सांगत राहिलीस. मी हसून हसून खोकलो. त्यानंतर तू मला गेम पॉज करायला शिकवलंस. आवाज थांबला, पण पंखा काही थांबला नाही.

मग ऑगस्टातला तो गुरुवार आला. पुण्याच्या कंपनीची तुझी परीक्षा होती, याच कॉम्प्युटरवर, दोन तासांची. तिकडची माणसं तुझा पडदा बघत असताना एका अख्ख्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, ड्रॉइंग रचून दाखवायचं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. आदल्या दिवशी तू एवढंच म्हणाली होतीस की उद्या जरा महत्त्वाचं काम आहे. मी सकाळी अर्धी फेरी मारून गाडी घाटात उभी करून ठेवली होती. बसताना तुला ती दिसली असणारच. तू ती बंद केली नाहीस, कारण मी निम्मा घाट चढून आलो होतो. दीड तासानं तू खुर्ची मागं सारून उठलीस आणि गॅलरीत जाऊन उभी राहिलीस. बऱ्याच वेळानं आत आलीस आणि म्हणालीस, “लाईट गेली आण्णा. ऱ्हाऊ दे, घेतील परत कवातरी.” धैर्यालाही संध्याकाळी तू तेच सांगितलंस.

दुसऱ्या कुणीही त्या दिवशी ते स्टिअरिंग काढून माळ्यावर टाकलं असतं, आणि त्यात काही चुकलं नसतं. तू दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलंस आणि पडद्यावर एक यादी उघडलीस. कॉम्प्युटरमध्ये काय काय चाललंय आणि कोण किती ताकद खातंय, त्याची. सगळ्यात वर माझी गाडी. मी तिच्यावरून उठून तास झाला होता, ती पॉजवर होती, तुझ्या ड्रॉइंगच्या मागं झाकलेली होती, तरी चित्रं काढायच्या कार्डाची नव्वद टक्के ताकद तीच ओढत होती. मला समजेल अशा शब्दांत तू सांगितलंस. हा गेम उभ्या गाडीचं चित्रसुद्धा सेकंदाला दीडशे वेळा नव्यानं काढतो, कुणी बघत असो वा नसो. “गाडी स्टँडला लावलीया आण्णा, पर रेस पुरी दाबून ठेवलीया.” डेपोत डिझेल बचतीच्या पाट्या वाचत म्हातारा झालेला माणूस मी. मला लाज वाटली. मी हातानं खूण केली, बंद कर. तू म्हणालीस, “बंद न्हाय करायची. आयडलला लावायची.”

आणि तुझा अभ्यास सुरू झाला. दुपारची जेवणं आटोपली की तू कुठकुठल्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेलं वाचायचीस आणि वहीत उतरवून घ्यायचीस. आधी तुला कार्डाच्या सेटिंगमध्ये एक जागा सापडली. गेमची खिडकी मागं गेली की चित्रं कमी काढ, असं तिथं सांगता येत होतं. तू दीडशेची वीस केलीस. दहा मिनिटांत पंखा खाली आला आणि हॉलमध्ये एकदम भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग मागं गेल्यावर गेमचा सगळाच आवाज बंद होईल असं केलंस, म्हणजे मी पॉज करायला विसरलो तरी सम्राटरावांना पुन्हा स्टँड ऐकू येऊ नये. तरीही मोठं ड्रॉइंग उघडलं की अडकायचंच, कारण गाडीनं कॉम्प्युटरची बरीचशी जागा अडवून धरलेली. तेव्हा तू मला विचारलंस, काय कमी केलं तर चालेल? मी मालक असल्यासारखं विचारलंस. झाडं धुरकट करू? कर म्हटलं. ढग? काढून टाक. रस्त्यावरची गर्दी? निम्मी कर. सावल्या? नकोत. आरसे? तिथं मी तुझा हात धरला. तू समजावलंस की सगळ्यात जास्त आरसेच खातात, कारण त्यांच्यासाठी मागचा रस्ता पुन्हा वेगळा काढावा लागतो. मी नुसती मान हलवत राहिलो. आरशाशिवाय गाडी चालवत नाहीत. तू सुस्कारा सोडलास. “बरं, ऱ्हाऊ द्यात आरसं. बघतो मी काय करायचं ते.”

तू काय केलंस, तर तो गेम बनवणाऱ्यांनाच लिहिलंस. परदेशातली चार-पाच माणसांची लहानशी कंपनी. त्यात तू म्हटलंस, माझे सासरे बसचालक होते, त्यांच्या हाताला या गेमनं बरं वाटतंय, ते आरसे काढू देत नाहीत, आणि मला त्याच कॉम्प्युटरवर पोटापाण्याचं काम करायचं असतं, तर खिडकी मागं असताना निदान आरसे तरी थांबवता येतील का? तू मला ते मराठीत वाचून दाखवलंस. मला वाटलं, कोण कशाला उत्तर देतंय. तीन आठवडे आलं नाही, मग आलं, करून बघतो म्हणून. आणि जानेवारीत गेमची नवी आवृत्ती आली, तीत एक चौकोन जास्तीचा होता. त्याच्यावर टिचकी मारली की मागं गेल्यावर आरशांसकट सगळं चित्र थांबायचं, आणि पुढं आणलं की जागच्या जागी हजर. तू पेढे आणलेस. शेजारच्या धोंडुबाईंनी विचारलं, कशाचे गं? तू म्हणालीस, आरशाचे. त्यांना ते अजून कळलेलं नाही.

हे सगळं करताना, मी चालवत असेन तेव्हा मात्र तू काही कमी होऊ दिलं नाहीस. झाडं-ढग मी आपणहून सोडले तेवढेच. पुढं असताना गाडी पुऱ्या जोरात, मागं गेली की गपगार. डिसेंबरात गिअर उजव्या हाताच्या मदतीशिवाय पडायला लागले होते. मार्चमध्ये मी चहाचा कप डाव्या हातानं उचलला. तू बघितलंस आणि न बघितल्यासारखं करून कणीक मळत राहिलीस, पण कणकेत पाणी जास्त झालं. पुढचं सासऱ्यानं सुनेला लिहू नये, पण लिहितो. मला एका हातानं पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो. एक दिवस माझ्या सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक आलं. तू त्याच्याविषयी एक शब्द काढला नाहीस, मीही नाही. एप्रिलमध्ये मी एक पायजमा आणि एक नाडी तुझ्या शिवणाच्या पिशवीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो नाडी ओवून, घडी करून परत आला. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा डेपोत टाळ्या वाजल्या होत्या. पण त्या सकाळी बाथरूममध्ये दोन्ही हातांनी गाठ मारली, तेव्हा मला जे वाटलं, ते टाळ्यांत नव्हतं. ते तुझ्यामुळं. हा हात, ही जीभ, सकाळी उठावंसं वाटणं, सगळं तुझ्यामुळं.

आता माझं राहिलेलं सांगतो. त्या गुरुवारी लाईट गेली नव्हती. मी कॉटवर पडलो होतो आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. त्याच्याकडं बघतच मी तुझं वाक्य ऐकलं. परीक्षेचं नंतर कळलं, पण माझ्या गाडीपायी कॉम्प्युटर अडकला आणि तुझं काम बुडालं, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. मी गप्प राहिलो. जीभ जड होती हे खरं, पण दोन शब्दांची माफी मागता येणार नाही एवढी नव्हती. मला भीती वाटली की मी कबूल केलं तर तू स्टिअरिंग काढून टाकशील. त्या भीतीपायी मी तुला ते सगळं एकटीला गिळू दिलं आणि वर वर्षभर तुझ्या हातचं जेवलो. चूक माझी होती, वर्षा. माफ कर.

आणखी एक बातमी आहे. परवाच्या शनिवारी तू आणि धैर्या कागलला तुझ्या माहेरी गेला होतात आणि मी दिवसभर बागेतल्या बाकावर आणि धोंडुबाईंकडं असतो असं सांगितलं होतं. मी बागेत गेलो नाही. मी मुरगूडला जाऊन आलो. एकटा. रागावू नकोस, आधी वाच. रिक्षानं स्टँडवर गेलो, फलाट शोधला, दाराची दांडी डाव्या हातानं धरली आणि चढलो. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. कंडक्टर आला, “पावणं, कुठं?” माझ्या तोंडून ‘मु’ निघालं आणि अडकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा अडकलं. गाडी भरलेली, त्याला घाई. पण त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, तिकिटाचं मशीन खाली केलं आणि तो थांबला. तिसऱ्या वेळेला पुरं ‘मुरगूड’ आलं. “बसा निवांत,” म्हणाला. कागल आलं तेव्हा मी मान खाली घातली. तुम्ही दोघं त्या गावात होता आणि मला उगीच वाटलं, खिडकीतून दिसलो तर? मुरगूडला उतरून माझ्या बहिणीच्या घरापर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा बसलो, पण पोचलो.

पारू म्हणजे तुझी आत्यासासू, जिच्या आवाजाला तू लग्नात दचकली होतीस. ती दारात जनावराला वैरण टाकत होती. मला बघून, माझ्या मागं कोण आहे ते बघायला रस्त्यापर्यंत गेली. कुणी नाही म्हटल्यावर पदर तोंडाला लावून रडली आणि लगेच ओरडली, “एकटा आलास? डोकं फिरलंय व्हय तुझं?” जेवताना मी तिला विचारलं, राजारामपुरीला येऊन राहशील का, वर्ष-दोन वर्षं? आणि कशासाठी तेही सांगितलं. तिनं घास खाली ठेवला नाही की विचार केला नाही. “येतो की मी. हितं सून माझ्या बोलण्याला कट्टाळलीया, थोडं दीस तू ऐक.” गणपतीच्या आधी येते म्हणालीय. चारच्या गाडीनं मी परत निघालो आणि तुम्ही यायच्या आत घरात होतो. धैर्याला मी एवढंच सांगितलंय की आत्या राहायला येणार आहे. बाकीचं सांगायचं काम तुझं आहे.

ते बाकीचं म्हणजे हे. मागच्या बुधवारी फेरी पुढं न्यायला बसलो आणि हात भलत्याच बटणावर पडला. गाडीऐवजी तुझी मेल पुढं आली. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं, पण वरच पुण्याच्या त्या कंपनीचं नाव होतं आणि माझी नजर हलेना. मला इंग्रजी सावकाश येतं, पण येतं. त्यांनी जुलैत तुझी पुन्हा परीक्षा घेतली, तू ती याच टेबलावर दिलीस, तेव्हाही माझी गाडी मागं उभी होती आणि काही अडलं नाही. तू पास झालीस. एक तारखेपासून त्यांनी तुला पुण्याला नोकरीवर बोलावलंय. हे तू घरात कुणालाच सांगितलं नाहीस. आणि खाली तुझं उत्तर लिहून ठेवलेलं, अजून न पाठवलेलं: घरी आजारी सासरे आहेत, त्यांना सोडून येता येणार नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. तुझ्यावर राग आला नाही. फक्त ती ओळ खरी आहे की खोटी, हे मला घरात बसून ठरवता येईना. म्हणून मी मुरगूडला गेलो होतो. वर्षा, ती ओळ खोटी आहे. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे आणि आज मंगळवार. धैर्याला आज संध्याकाळीच सांग. आधी तो ओरडेल, मग तुझी बॅग कुठली घ्यायची यावर वाद घालेल, मी त्याला ओळखतो. ते लिहून ठेवलेलं पुसून टाक, आणि येते म्हणून कळव.

तुझेच
आण्णा